साध्या कॅसेटवर घरच्या घरी अख्खा अल्बम? काय आहे 'पोर्टास्टुडिओ'?

1979 साली 'टीॲक' या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ 144' बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक स्वतंत्रपणे मुद्रित करणारे हे पहिले यंत्र. आधी गिटार, मग त्यावर गायन, मग दुसरा आवाज, असे थर एकट्याने घरीच चढवणे त्यामुळे शक्य झाले.

हे कसे चालते?
कॅसेटच्या फितीवर चार ट्रॅक असतात. प्रत्येक बाजूला दोन. पोर्टास्टुडिओ चारही एकाच दिशेने वापरतो आणि फीत दुप्पट वेगाने पळवतो. आवाज सुधारतो, पण 60 मिनिटांच्या कॅसेटवर 15 मिनिटेच मावतात.

चार ट्रॅक अपुरे पडले तर?
तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा वापरायचे. मात्र मूळ ट्रॅक पुसले गेले की त्यातला एखादाच आवाज कमी-जास्त करता येत नाही. खरखरही वाढते.

'नेब्रास्का'चा किस्सा काय?
जानेवारी 1982 मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतील घरी याच यंत्रावर कच्ची गाणी मुद्रित केली. नंतर बँडसह स्टुडिओत तीच गाणी पुन्हा केली, पण ती जान येईना. अखेर घरच्या कॅसेटवरूनच त्या वर्षी 'नेब्रास्का' अल्बम निघाला.

जुने यंत्र घेताना काय पाहावे?
रबरी बेल्ट सैल पडले आहेत का, हेड झिजले आहे का, हे तपासावे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. जुन्या कॅसेट असतील तर यंत्र चालू आहे तोवर संगणकावर उतरवून घ्याव्यात. साध्या टेपरेकॉर्डरवर त्या निम्म्या वेगाने वाजतात आणि बाजू पलटली की उरलेले दोन ट्रॅक उलटे ऐकू येतात.