धर्मार्थ मेजवानी आणि बावीस हजार रुपये

रोग्यांच्या मदतीसाठीं शहरांतील प्रतिष्ठित मंडळींनीं उंची पोषाख करून एकत्र जमावें, तिकिटाचे जबर दर मोजून पंक्तीस बसावें, गाणें ऐकावें आणि जमलेल्या रकमेचा आंकडा शेवटीं टाळ्यांच्या गजरांत जाहीर व्हावा, ही चाल आतां केवळ मुंबईपुरती राहिलेली नाहीं. तिला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. अठराव्या शतकांत लंडनचीं कित्येक इस्पितळें लोकवर्गणीवर चालत व त्यांचे वार्षिक भोजनसमारंभ थाटानें होत. अमेरिकेंत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या वाढदिवशीं, ३० जानेवारी १९३४ रोजीं, गांवोगांवीं नृत्याचे जलसे झाले आणि बालपक्षाघाताच्या रोग्यांसाठीं एका रात्रींत दहा लाखांवर डॉलर उभे राहिले. ज्या पैशानें लुळ्या पोरांच्या पायांत बळ येतें, तो नाचतांनाच कां दिला, असें विचारणारा मनुष्य फार सोवळा म्हटला पाहिजे.

आपल्याकडे मेजवानीची जागा पुष्कळ काळ नाटकानें घेतली होती. मदतीचा खेळ लावणें हा आपल्या नाटकमंडळ्यांचा जुना परिपाठ. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं एकत्र येऊन केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठीं होता. अशा दानांत देणाराच्या पदरीं कांहीं ना कांहीं पडतें. निदान गाणें तरी पडतें. ज्या दानांत देणाराच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं, अशा एका फंडाची हकीकत येथें सांगावयाची आहे, आणि ती सोलापूरच्या वाचकांस घरचीच वाटेल.

७ जुलै १९३७ रोजीं पेकिंगजवळच्या पुलावर चकमक झाली आणि जपाननें चीनवर उघड युद्ध लादलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सेनापति चू-तेह यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुऱ्यास काँग्रेसचें अधिवेशन सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. पुढें ३० जून रोजीं सुभाषबाबूंनीं वृत्तपत्रांतून आवाहन केलें, आणि ७ ते ९ जुलै हे दिवस चीनच्या फंडासाठीं पाळण्यांत आले. एकंदर बावीस हजार रुपये जमले.

हा आंकडा लहान आहे. त्या वेळच्या भावानें त्याचे डॉलर जेमतेम आठ हजार होतात. चीनच्याच मदतीसाठीं सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी वस्तीनें १९३८, १९४० व १९४१ या सालीं जे तीन उत्सव केले, त्यांत दोन लाखांवर डॉलर मिळाले. पण आपल्या बावीस हजारांचे आणे करून पाहिले तर ते तीन लाख बावन्न हजार भरतात. जो देश स्वतःच परतंत्र व कंगाल होता, त्यानें दुसऱ्याच्या जखमांसाठीं हे आणे मोजले.

या पैशांतून औषधें, एक रुग्णवाहिका आणि पांच डॉक्टर पाठविण्याचें ठरलें. स्पेनच्या युद्धांत सेवा करून आलेले अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर वयानें सर्वांत वडील, कलकत्त्याचे डॉ. बसु व डॉ. मुकर्जी, आणि पांचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा; म्हणजे अठ्ठाविसावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. त्यांचें शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत झालें. हें कॉलेजही एका देणगीचेंच फळ. आणि देणगीची अट अशी कीं, शिकविणारे अध्यापक हिंदीच असावेत व ते सरकारी नोकरींतील नसावेत. गोऱ्या अंमलांत ही अट घालण्यास धैर्य लागलें असेल. पैशाबरोबर अट येते तेव्हां आपण बहुधा कपाळास आंठ्या घालतों. परंतु ह्या अटीनें एक पिढी घडविली.

१ सप्टेंबर १९३८ रोजीं हें पथक ‘राजपुताना’ बोटीनें मुंबईहून निघालें. (हीच बोट पुढें युद्धकार्यास लावली गेली आणि एप्रिल १९४१ मध्यें जर्मन पाणबुडीनें बुडविली.) चीनमध्यें असतांनाच वडील वारल्याची बातमी कोटणिसांस कळली. मागें घर होतें, धाकटीं भावंडें होतीं. परतले असते तर कोणीहि दोष दिला नसता. ते उत्तरेकडे येनानला गेले. पथकांतील इतर सहकारी यथाकाल परतले, हे राहिले. १९४० सालच्या एका दीर्घ लढाईंत त्यांनीं झोंप न घेतां बहात्तर तासांपर्यंत शस्त्रक्रिया केल्या व आठशेंवर जखमींवर उपचार केले, असें सांगतात. १९४१ च्या आरंभीं बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या इस्पितळाचे ते संचालक झाले, आणि त्याच वर्षीं तेथील परिचर्याशिक्षिका क्वो छिंग-लान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

ज्या कॅनेडियन डॉ. बेथ्यून यांच्या नांवानें तें इस्पितळ चालत होतें, ते १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं वारले. शस्त्रक्रिया करतांना बोटास लहानशी जखम झाली, विष अंगांत भिनलें, आणि ज्या औषधांनीं ते वांचते तीं जवळ नव्हतीं. त्याग थोर खरा, पण तो औषधाच्या बाटलीची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणूनच थाटाच्या मेजवानीनें आणलेले पैसे आम्ही हलके मानीत नाहीं. आमची तक्रार आहे ती हिशेब त्याच रात्रीं मिटतो, ह्याबद्दल. पाहुणे घरीं जातात, रक्कम संस्थेकडे जाते, आणि ती कोणत्या रोग्यापर्यंत पोंचली हें दात्यास पुन्हा सहसा कोणी सांगत नाहीं. तोही विचारीत नाहीं.

९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या झटक्यानें, बत्तिसाव्या वर्षीं कोटणीस गेले. मुलगा तेव्हां साडेतीन महिन्यांचा होता. त्याचें नांव यिन्-ह्वा. ‘यिन्’ म्हणजे हिंद आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला, व मुख्य भूमिकाही स्वतःच केली. थडगें चीनमधील श-च्या-च्वांग येथें आहे. सोलापुरांतील भय्या चौकांतलें घर २०१२ सालापासून स्मारक म्हणून सर्वांस खुलें झालें आहे; चीनमधून येणाऱ्या पाहुण्यांचे पाय तिकडे वळतात. मदतीच्या जलशांस जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकीं किती जण तेथें जाऊन आले असतील, कोण जाणे. तिकीट तर मुळींच भारी नाहीं.