विकतचा पहारा



आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत एक जुने हेडक्लार्क आहेत. सारे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. ऐन परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या संगणकावर लाल पाटी उमटली : तुमच्या संरक्षणाची मुदत संपली आहे. भाऊसाहेब घाबरले. साऱ्या वर्गांचे गुण त्या यंत्रात. त्यांनी लगोलग शिपायाला बाजारात धाडले आणि अँटिव्हायरसचा नवा डबा आणवला. डब्यात एक चकती आणि एक कागद. कागदावरची चंदेरी पट्टी नाण्याने खरवडली की खाली अक्षरे आणि आकडे यांची लांबलचक ओळ दिसते. तिला 'की' म्हणतात, म्हणजे चावी. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून एकेक अक्षर जपून भरले. उत्तर आले : ही चावी आधीच वापरलेली आहे.

दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनीच्या फोनवरचा मुलगा म्हणाला, दुकानातून बदलून घ्या. तीन दिवस हा चेंडू इकडून तिकडे चालला होता. भाऊसाहेब मला म्हणाले, "सर, पैसे देऊन बसलो, आणि वर जागंही आपणच राहायचं! हा कुठला न्याय?"

मी इतिहासाचा मास्तर. संगणकाच्या पोटातले मला बेताचेच कळते. पण पहाऱ्याचे दाम घेणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे.

आपल्या गावगाड्यात जागल्या होता. रात्री गस्त घालायची, गावात कोण आले-गेले ते ध्यानात ठेवायचे आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढायचा, हे त्याचे काम. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की पुढचा भार त्या गावच्या जागल्यावर. माग लागला नाही, तर गेलेल्या मालाची भरपाई ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून घेण्याची रीत होती. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात ही व्यवस्था नोंदलेली आहे. ती फार न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. त्या गरिबाची ऐपत ती काय, आणि त्याच्यावर आळ किती वेळा आला असेल ते देव जाणे! पण पहाऱ्याचा मोबदला घेणाऱ्याला मागाहून 'माझा काय संबंध?' असे म्हणण्याची सोय नव्हती. संगणकाचा पहारा विकणाऱ्यांच्या करारपत्रात मात्र बहुधा असे कलम असते की, नुकसान झालेच तर आमची जबाबदारी फार तर तुम्ही मोजलेल्या किमतीइतकी. ते बारीक अक्षर वाचतो कोण? 'मान्य आहे' या चौकटीवर टिचकी मारून आपण मोकळे होतो.

हा धंदा उभा कसा राहिला ते आता पाहू. व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेली अशी आज्ञावली, की जी दुसऱ्याच्या संगणकात शिरते आणि आपल्याच नकला काढीत पसरते. आयबीएम जातीच्या संगणकांत दूरवर पसरलेला पहिला व्हायरस निघाला तो आपल्या शेजारी, लाहोरला, १९८६ साली. त्याचे नाव 'ब्रेन'. तो लिहिला बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी. गंमत अशी की त्यांनी त्यात आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! चोराने घर फोडावे आणि जाताना ओसरीवर आपला पत्ता ठेवून जावे, तसेच ते झाले. आमच्या आज्ञावलीच्या चोरून नकला होत होत्या, त्यांना खूण करावी एवढाच हेतू होता, असे त्या भावांचे म्हणणे. पण फ्लॉपीवर बसून ती खूण देशोदेशी गेली.

पुढल्याच वर्षी, १९८७ साली, अमेरिकेत जॉन मॅकॅफी नावाच्या गृहस्थाने अशा व्हायरसला पकडणारी आज्ञावली काढली. विकण्याची त्याची तऱ्हा निराळी होती. टेलिफोनच्या तारेवरून ती कोणीही उतरवून घ्यावी, वापरून पाहावी. मोठ्या कंपन्यांनी मात्र परवान्याचे पैसे द्यावेत. घरगुती ग्राहकाला त्या काळी हा पहारा जवळजवळ फुकटच पडे.

मग वर्षासनाची पद्धत कोठून आली? त्याचे कारण या पहाऱ्याच्या स्वभावातच आहे. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर फरारी इसमांची वर्णने टांगलेली असतात ना, तशी प्रत्येक व्हायरसची खूण अँटिव्हायरसच्या यादीत असते. संगणकातील एकेक फाइल त्या यादीशी ताडून पाहायची. वर्णन जुळले की पकडायचे. नवा चोर निघाला की नवे वर्णन हवे. म्हणजे यादी रोजच्या रोज ताजी व्हायला पाहिजे, आणि ती ताजी करणाऱ्या माणसांना पगार पाहिजे. इथपर्यंत सारे रास्त आहे. पुढच्या काळात संशयास्पद वागणुकीवरून चोर ओळखण्याच्याही युक्त्या निघाल्या, पण यादीची गरज सुटली नाही.

पण या धंद्याला आणखी एक खत लवकरच सापडले, ते म्हणजे भीती. १९९१ साली 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस आढळला. त्या थोर इटालियन शिल्पकाराच्या जन्मदिवशी, म्हणजे ६ मार्चला, तो जागा होई आणि संगणकातील माहितीवर निरर्थक अक्षरे फासून ती नासवून टाकी. ६ मार्च १९९२ जवळ आला तशी अमेरिकेतली वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी या एकाच विषयाने भरून गेली. ५० लाखांपर्यंत संगणक बुडतील, हा मॅकॅफीच्या नावावरचा अंदाज सगळीकडे छापून आला. लोकांनी रांगा लावून अँटिव्हायरस विकत घेतले. तो दिवस उजाडला आणि मावळला. जगभर मिळून नुकसानीच्या ज्या घटना मोजल्या गेल्या त्या काही हजारांच्या घरात. लोक वेळीच सावध झाले म्हणून वाचले, असे विकणारे म्हणाले. त्यात काही तथ्य नव्हते असे नाही. पण त्याच वर्षी मॅकॅफीच्या कंपनीचे शेअर बाजारात आले, हेही ध्यानात ठेवा.

याच सुमारास आपल्याकडे, पुण्यात, एक निराळी कथा घडत होती. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातले. शिक्षण दहावीपर्यंत. आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात नोकरी, मग स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान. धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारे कितीतरी संगणक मोडलेले नसून व्हायरसने बिघडलेले असत, हे या भावांच्या ध्यानात आले. संजय यांनी ते साफ करण्यापुरत्या आज्ञावल्या लिहिल्या, आणि त्यातूनच १९९०च्या दशकाच्या मध्याला 'क्विक हील' हा अँटिव्हायरस उभा राहिला. २०१६ साली त्या कंपनीचे शेअर बाजारात नोंदले गेले. मला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते हे की ती गिऱ्हाइकाच्या बिघडलेल्या यंत्रापासून सुरू झाली. यंत्र समोर, यंत्राचा मालक समोर. काम झाले नाही तर तो दुसऱ्या दिवशी दारात हजर!

मोठ्या कंपन्या आणि ग्राहक यांच्यात मात्र हे समोरासमोरचे नाते उरले नाही. इंटरनेट आले, यादी तारेवरून येऊ लागली, आणि पैसेही तारेवरून जाऊ लागले. ग्राहकाने एकदा क्रेडिट कार्डाचा नंबर दिला की वर्ष सरताच कंपनी आपसूक पुढल्या वर्षाचे पैसे कापून घेई. कित्येकांना ते महिन्याचा हिशेब हाती आल्यावरच कळे. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीने तक्रारींची चौकशी केली. जून २००९ मध्ये सिमँटेक आणि मॅकॅफी या दोन बड्या कंपन्यांनी प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर भरण्याचे कबूल केले. नूतनीकरणाची अट ठळक दाखवू, आणि पैसे कापल्यापासून ६० दिवसांच्या आत मागणी आली तर परत देऊ, असेही त्यांना मान्य करावे लागले. आपल्याकडे शाळांना ही गोष्ट नवी वाटेल, कारण आपण डबे विकत घेत आलो. पण आता आपणही मोबाइलवरून वर्गण्या भरू लागलो आहोत, तेव्हा हा न्यूयॉर्कचा कागद परका राहिलेला नाही.

कधी कधी पहारेकरी मालकालाच धरतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीने रोजच्यासारखी ताजी यादी धाडली. तीत चूक होती. विंडोज एक्सपीच्या एका आवृत्तीतील 'एसव्हीसीहोस्ट' ही अत्यावश्यक फाइल त्या यादीने व्हायरस ठरवली. झाले! संगणक पुन:पुन्हा आपोआप बंद होऊन सुरू होऊ लागले आणि जाळ्यापासून तुटले. ऱ्होड आयलंड राज्यातील काही इस्पितळांनी त्या दिवशी गंभीर जखमी सोडून इतर रुग्णांना तातडीच्या विभागात घेणे थांबवले. ज्यांनी पहारा विकत घेऊन इमानाने यादी ताजी ठेवली होती, तेच अडकले. ज्यांनी आळस केला ते बचावले. कंपनीने क्षमा मागितली आणि घरगुती ग्राहकांचा दुरुस्तीचा वाजवी खर्चही देऊ केला. जागल्याच्या भरपाईची रीत इथे थोडीशी दिसली, हे मान्य केले पाहिजे.

ही झाली चूक. ठकबाजीची गोष्ट याहून वाईट. संगणकावर अचानक एक खिडकी उघडते, शेकडो व्हायरस सापडल्याचे सांगते आणि ते काढायला पैसे मागते. व्हायरस एकही नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये अशा एका टोळीवर खटला भरला. तिच्या मालाची नावे होती विनफिक्सर, एक्सपी अँटिव्हायरस वगैरे, आणि १० लाखांहून अधिक ग्राहक फसले होते. २०१२ मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरवर रक्कम भरण्याचा हुकूम केला.

परंतु टोळ्या तर टोळ्याच. नावाजलेल्या दुकानाने तेच करावे? ऑफिस डेपो ही अमेरिकेतील कागद, पेने, खुर्च्या विकणारी मोठी दुकानमाला. तिथे संगणकाची 'फुकट तपासणी' होत असे. दुकानातला माणूस आधी ग्राहकाला चार प्रश्न विचारी : यंत्र हळू चालते का, व्हायरसच्या सूचना येतात का, वगैरे. कोणत्याही एका प्रश्नाला 'हो' म्हटले आणि खूण केली की अहवालात व्हायरसची लक्षणे उमटत. मग यंत्रावर बराच वेळ जी तपासणी चाले तिचा या निकालाशी काहीच संबंध नसे! यंत्र हळू चालते, असे कोण म्हणणार नाही हो? त्या निकालाच्या जोरावर ग्राहकांच्या गळ्यात शेकडो डॉलरची दुरुस्ती मारली जाई. २०१२ पासूनच कंपनीकडे या तपासणीविषयी शंका पोचल्या होत्या. पण २०१६ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका दूरचित्रवाणी केंद्राच्या बातमीदारांनी कोरे करकरीत संगणक तिथे नेले आणि त्यांतही काही दुकानांना व्हायरसची लक्षणे दिसली, तेव्हा प्रकरण उघड्यावर आले. मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि ही तपासणी पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. पुढल्या वर्षी पाच लाखांहून अधिक ग्राहकांना पैसे परत धाडण्यात आले. माणशी साधारण ६० डॉलर पडले म्हणतात. घरात घातलेल्या भीतीचे त्यात काही धरलेले नव्हते.

आणि पहारेकरीच घरातल्या गोष्टी बाहेर सांगू लागला तर? प्राग शहरातील अव्हास्ट ही जुनी, १९८८ पासूनची कंपनी. तिची आज्ञावली वापरणारे लोक इंटरनेटवर कोठे कोठे जातात याची नोंद करून, ती माहिती तिच्याच एका शाखेमार्फत १०० हून अधिक गिऱ्हाइकांना विकली जात होती. ती शाखा २०२० मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये अव्हास्टने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचे कबूल केले.

हे सारे वाचून गुरुजी विचारतील, मग विकत घ्यायचा की नाही? याचे एकच उत्तर सर्वांना लागू नाही. जिथे पन्नास संगणक आहेत आणि पोरे रोज वीस पेन ड्राइव्ह खुपसतात, तिथे चांगला विकतचा पहारा उपयोगी पडतो. घरच्या एका यंत्राची गोष्ट निराळी. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने स्वतःचा पहारा संगणकातच बसवून दिला आहे. त्याचे नाव डिफेंडर, त्याला निराळे पैसे पडत नाहीत, आणि विकतच्या पहाऱ्याची मुदत संपली की तो सहसा आपणहून उभा राहतो. पण त्याची कोणी जाहिरात करीत नाही, आणि लाल पाटीही त्याचे नाव घेत नाही.

आमच्या कचेरीत नेमके हेच झाले होते. चौथ्या दिवशी दुकानदाराने कुरकुरत चावी बदलून दिली, तोवर तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने भाऊसाहेबांना पडद्याच्या कोपऱ्यातली छोटी ढाल दाखवली. तीनही दिवस डिफेंडर गुपचूप जागा होता. भाऊसाहेब बराच वेळ त्या ढालीकडे पाहत राहिले. आता ते डबा घेताना दुकानातच पट्टी खरवडून, चावी चालते की नाही ते पाहूनच पैसे देतात, चावीचा नंबर बिलावर लिहून घेतात, आणि गुणांची एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून ती कचेरीच्या लोखंडी कपाटात ठेवतात. त्या कपाटाची किल्ली मात्र ते कोणालाच देत नाहीत, मलाही नाही.