तीन देशांचं मेनूकार्ड

बोधगयेचा इतिहास एका वाटीपासून सुरू होतो. सहा वर्षं देह आटवून बसलेल्या सिद्धार्थाला सुजाता नावाच्या बाईनं खीर दिली, त्यानं ती खाल्ली, अंगात त्राण आलं आणि मग तो पिंपळाखाली जाऊन बसला. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यातला एक तपशील मात्र आपण पटकन ओलांडून जातो. तो जेवला म्हणून त्याचे पाच सोबती रागावले आणि त्याला सोडून निघून गेले. कोणी काय खाल्लं यावरून माणसांनी एकमेकांपासून दूर व्हावं, ही रीत तेव्हाही होती म्हणायची.

पुढे त्या पिंपळापाशी दूरदूरचे पाहुणे येत राहिले. सातव्या शतकात चीनहून ह्युएनत्संग आला, तो आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. धर्मस्वामी हे नाव मात्र फारसं कानावर येत नाही. हा तिबेटचा भिक्षू 1234 साली बोधगयेला पोचला, तेव्हा गाव ओस पडलेलं होतं. विहारात चार भिक्षू उरले होते. तुरुष्क सैन्याच्या भीतीनं त्यांनी मूर्तीसमोरचं दार विटांनी बुजवून लिंपून टाकलं होतं. धर्मस्वामीलाही तिथून पळ काढून काही दिवस लपून राहावं लागलं. त्याचं चरित्र रशियन पंडित जॉर्ज रोरिक यांनी इंग्रजीत आणलं आणि ते पाटण्याला छापून निघालं. ही तुरुष्क फौज मुसलमानांची होती. मी मुसलमान आहे म्हणून हे पान न वाचता उलटावं असं मला वाटत नाही. आणि त्या फौजेचा हिशेब माझ्याकडे मागितला जावा, हेही मला मान्य नाही.

पाटण्याला ते पुस्तक निघालं ते वर्ष होतं 1959. त्याच वर्षी 17 मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडलं आणि 31 मार्चला भारताच्या हद्दीत पाऊल ठेवलं. त्यांच्या मागोमाग सुमारे 80 हजार तिबेटी आले. सव्वासातशे वर्षांपूर्वी एक तिबेटी यात्रेकरू इथं जीव मुठीत धरून आला होता. आता एक सबंध समाज तसाच आला, आणि आसरा मागायला आला.

थायलंडचे लोक बोधगयेला आले ते वेगळ्या वाटेनं. 1956 साली बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची 2500 वर्षं साजरी झाली. पंडित नेहरूंच्या सरकारनं बौद्ध देशांना बोधगयेत मंदिरं बांधायचं आमंत्रण दिलं आणि थायलंडनं आपलं सोनेरी, चढत्या छपरांचं मंदिर उभारलं. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, हे आपल्याकडे सांगायला नको. तेव्हापासून बोधगयेच्या वाटेवर मराठीही ऐकू येऊ लागली.

हे सगळं मला आठवलं ते एका मेनूकार्डामुळे. 2018 च्या डिसेंबरात मी बोधगयेला गेलो होतो. हिवाळा हा तिथला हंगाम. थंडीत तिबेटी लोक डोंगरावरून खाली उतरतात, प्रार्थना चालतात, तंबूतली हॉटेलं उभी राहतात. बँकॉकहून थेट गयेला विमानं येतात. महाबोधी मंदिराजवळच एक मशीद आहे. तिथं नमाज पढून मी बाहेर पडलो आणि समोरच्या गल्लीत एका साध्या हॉटेलात शिरलो. सहा-सात टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एकीकडे दलाई लामांचा फोटो आणि दुसरीकडे मक्केचं कॅलेंडर. मालक गयेचे मुसलमान. हाताशी नेपाळकडचा एक पोरगा. कार्डावर तीन मथळे होते : तिबेटी, थाई, भारतीय.

पलीकडच्या टेबलावर नागपूरचं एक कुटुंब होतं. वाफेवरून उतरलेली बशी पाहून त्यातल्या काकू मला म्हणाल्या, "भाऊ, हे तर आपले मोदकच दिसून राहिले. यात काय असते?" मी म्हटलं, "ताई, याच्यात कोबी आहे, माझ्याच्यात कोंबडी." त्या हसल्या. "मंग आमचं कोबीचंच बरं."

इतिहासाचे अभ्यासक शिलालेख वाचतात, ताम्रपट वाचतात. मी बी. ए. पर्यंत शिकलेला कवी, मला मेनूकार्ड वाचायला आवडतं. आणि हे कार्ड तर मोठं खट्याळ निघालं. त्यावरचे तिन्ही मथळे नीट पाहिले तर एकही आपल्या जागेवर ठरत नव्हता.

'भारतीय'खाली पहिला होता समोसा. आमच्या घरी रमजानात अम्मी खिम्याचे समोसे करायची, म्हणून मला तो लहानपणापासून घरचाच वाटतो. पण तो आला इराणकडून, 'संबोसग' या नावानं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीला महंमद तुघलकाच्या दरबारात जेवला. त्यानं खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते भरून तुपात तळलेल्या 'संबुसक'चं वर्णन करून ठेवलंय. बटाटा त्यात फार उशिरा शिरला, पोर्तुगीजांनी तो आणल्यावर. समोशाखाली होतं बटर चिकन आणि पनीर बटर मसाला. फाळणीत पेशावर सोडून आलेल्या पंजाबी निर्वासितांनी 1947 नंतर दिल्लीच्या दर्यागंजात 'मोती महल' हे हॉटेल थाटलं, त्या हॉटेलाशी बटर चिकनचं नाव जोडलेलं आहे. ते नेमकं कोणाच्या हातचं, यावरून 2024 साली दोन घराण्यांचा वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. म्हणजे आज जगभर 'भारतीय जेवण' म्हणून जे ओळखलं जातं, त्याचा बराच भाग घर गमावलेल्या माणसांनी पोटासाठी रांधलेला आहे.

थाई मथळ्याखाली पाद थाई होती, म्हणजे परतलेल्या शेवया. हे तर सरकारी पक्वान्न. शेवया चिनी लोकांनी नेलेल्या. 1939 साली सयामचं नाव थायलंड झालं, त्या काळात पंतप्रधान फिबून सोंगक्राम यांनी लोकांना शेवया खायला लावायची मोहीमच काढली आणि या पदार्थाच्या नावातच 'थाई' जोडलं गेलं. पुढे 2002 साली तिथल्या सरकारनं परदेशात थाई हॉटेलं वाढावीत म्हणून खास कार्यक्रम आखला. राष्ट्रभक्ती कढईत परतता येते, एवढं कळलं की पाद थाई बाजूला ठेवायला हरकत नाही.

मी थबकलो ते तिच्या खालच्या ओळीवर. मस्समान करी. 'मस्समान' म्हणजे कोण? तर मुसलमान! नारळाचं दूध, चिंच, शेंगदाणे, बटाटा आणि त्याबरोबर जिरं, धणे, वेलची, दालचिनी, लवंग, जायफळ. एरवी थाई करीत ताज्या, हिरव्या वाटणाचा जोर असतो. इथं मात्र आपल्या गरम मसाल्याचा डबा उघडलेला. ही करी तिथं कोणी नेली याबद्दल दोन तर्क आहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या कोम शहरातून शेख अहमद नावाचा व्यापारी अयुथ्थयाला गेला, राजदरबारात मोठ्या पदाला चढला, त्याचे वंशज पुढे तिथले सरदार झाले. काही जण या इराणी मंडळींकडे बोट दाखवतात, तर काही दक्षिणेकडच्या मलय मुसलमानांकडे. मला त्यातल्या एका पुराव्याचं अप्रूप वाटलं. पुढे दुसरा राम म्हणून 1809 साली गादीवर आलेल्या राजानं राजपुत्र असताना एक नौकागीत लिहिलं. प्रियेच्या हातच्या पदार्थांची त्यात आठवण काढली आहे आणि त्यात मस्समान करी आहे, जिऱ्याच्या वासासकट. बौद्ध राजपुत्र विरहात मुसलमानी रश्शाची आठवण काढतो. कवी म्हणून मला त्याचा हेवा वाटला.

राहिला तिबेट. मोमो हे नाव चिनी असावं असं मानलं जातं. तिकडे वाफवलेल्या पावाला तसंच काहीसं म्हणतात. नेपाळ्यांचं म्हणणं निराळं. काठमांडूचे नेवार व्यापारी पिढ्यान्पिढ्या ल्हासाला दुकानं चालवत, त्यांनीच मोमो खाली आणला, असं ते सांगतात. हॉटेलातल्या त्या पोरालाही मी विचारलं. त्यानं चाळणीचं ते भलंमोठं भांडं, आपल्या इडलीपात्राचं थोरलं भावंडच, झाकलं आणि म्हणाला, "चाचा, मोमो तो नेपाल का है." मालक गल्ल्यावरून हसले.

तिबेटात मोमो म्हणजे मांस घालून करायचा, पाहुणे आले, सण आला की होणारा पदार्थ. याकचं मांस मैदानात कुठून आणणार? इथं कोंबडी आली, कोबी आला, पनीर आलं, आणि लालभडक मिरचीची चटणी. निर्वासितांच्या पहिल्या पिढीनं साठच्या दशकात हिमाचलच्या डोंगरात रस्ते फोडले. मग कोणी वसाहतीत शेती करू लागलं, कोणी हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकू लागलं. थंडी पडली की आपल्याकडे मैदानात त्यांचे स्टॉल लागतात, ते तुम्ही पाहिले असतील. स्वेटर बहुतेक लुधियानाचे, आपण त्यांना 'तिबेटी स्वेटर' म्हणतो. हॉटेलाचंही तसंच झालं. गिऱ्हाइकाला जे चालतं ते कार्डावर चढलं. जे चालत नाही ते चढलं नाही.

चढलं नाही ते म्हणजे त्साम्पा. भाजलेल्या सातूचं पीठ. लोणी-मीठ घातलेल्या चहात ते बोटांनी कालवायचं, मुठीत वळायचं आणि खायचं. गुराखी असो की लामा, तिबेटी माणसाचं रोजचं अन्न हेच. 1952 साली, तिबेटात चिनी फौजा शिरलेल्या असताना, कालिंपोंगहून निघणाऱ्या 'तिबेट मिरर' या वृत्तपत्रात एक पत्र छापून आलं. ते साऱ्या 'त्साम्पा खाणाऱ्यां'ना उद्देशून होतं. या वृत्तपत्राचे संपादक थारचिन हे किन्नौरचे ख्रिस्ती गृहस्थ. पत्रात हाक घातली होती ती खाण्याच्या नावानं. धर्म, प्रांत, बोली, काही आड येऊ नये म्हणून ताटातली गोष्ट पुढे केली होती.

बाहेर गल्लीच्या तोंडाशी एक माणूस हातगाडीवर सत्तू विकत होता. बिहारातला सत्तू हरभऱ्याचा, पाण्यात घोळून कांदा-लिंबू पिळून मजूर पितात. त्साम्पाचा हा चुलतभाऊच. 'तिबेटी'खाली त्साम्पा नव्हता आणि 'भारतीय'खाली सत्तूही नव्हता.

त्या 'त्साम्पा खाणाऱ्यां'त मुसलमानही होते. तिबेटी भाषेत त्यांना 'खाचे' म्हणतात, म्हणजे काश्मिरी. काश्मीरचे व्यापारी ल्हासाला गेले, तिथल्या बायकांशी लग्नं केली, तिबेटी बोलू लागले. पाचव्या दलाई लामांनी सतराव्या शतकात त्यांना मशिदीसाठी आणि दफनभूमीसाठी जमीन दिली. बाण सोडले आणि ते जिथं पडले तिथवरची जमीन त्यांची झाली, असं ते सांगतात. बौद्धांच्या पवित्र महिन्यात ल्हासात मांसबंदी असे, तिच्यातून त्यांना सूट होती. या समाजात एक कवीही होऊन गेला असं मानतात, खाचे फालू. त्याच्या नावावर तिबेटी भाषेत उपदेशाचं एक काव्य आहे. ते खरंच त्याचं की कोणा बौद्धाचं, यावर पंडितांचा वाद आहे. आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना सूफी म्हणावं की वारकरी, हा घोळ माझ्या परिचयाचा आहे. मी मराठीत लिहितो म्हटल्यावर "तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?" असं मलाही अजून विचारतात. त्यामुळे खाचे फालू मला नात्यातला वाटतो.

1959 नंतर या खाचे लोकांनी, आमचे पूर्वज काश्मीरचे, सबब आम्ही भारताचे नागरिक, असा दावा केला. 1960 साली भारत सरकारनं तो मान्य केला आणि ते कालिंपोंग, दार्जिलिंग, पुढे श्रीनगरला आले. मग त्यांची चमत्कारिक कोंडी झाली. नागरिक ठरले म्हणून निर्वासितांच्या सवलती नाहीत, आणि काश्मीरमध्ये राज्याचे कायमचे रहिवासी म्हणूनही अनेक वर्षं नोंद नाही. श्रीनगरच्या ईदगाह भागात त्यांची वस्ती आहे. तिथं तिबेटी बोलली जाते, भरतकाम चालतं, मोमो आणि थुक्पा शिजतो. ल्हासात ते काश्मिरी होते, काश्मिरात तिबेटी झाले.

आपल्याही राज्यात तिबेट्यांची एक वसाहत आहे, हे पुण्या-मुंबईकडे फारसं कोणाला माहीत नसतं. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, नोर्ग्येलिंग. 1972 साली ती वसली तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. मठ आहे, घरं आहेत, शेती आहे. हिवाळ्यात कर्ती माणसं स्वेटर घेऊन बाहेर पडतात. तो सगळा मुलूख धानाचा. सातू तिथं पेरत नाहीत.