करवंदाची जेली : घट्टपणाचे गणित

‘डोंगरची काळी मैना’ म्हणून ओळखली जाणारी करवंदे उन्हाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवरून शहरांच्या बाजारात येतात. जेलीला आवश्यक असलेली पेक्टिन आणि आम्ल ही दोन्ही द्रव्ये त्यांत विपुल असतात. तरीही घरी केलेली जेली पुष्कळदा पाकासारखी पातळ राहते. त्याचे कारण बहुधा फळांची निवड, साखरेचे प्रमाण किंवा शिजवण्याची वेळ यांत सापडते.

जॅममध्ये फळाचा गर असतो, जेली मात्र केवळ गाळलेल्या रसाची होते. फळ पूर्ण पिकल्यावर पेक्टिनची घट्ट करण्याची शक्ती कमी होते. म्हणून दोन वाटे तांबूस, अर्धपक्व आणि रंग व स्वादासाठी एक वाटा काळी करवंदे घ्यावीत. देठ काढून ती धुवावीत आणि स्टीलच्या पातेल्यात बुडतील एवढेच पाणी घालून २० ते २५ मिनिटे मंद आचेवर शिजवावीत. फळे आंबट असल्याने अ‍ॅल्युमिनियमचे भांडे टाळावे. मिश्रण मलमलच्या कापडात बांधून टांगावे व रस आपोआप ठिबकू द्यावा. कापड पिळल्यास जेली गढूळ होते.

साखर किती घालावी, हे पेक्टिनवर ठरते. चमचाभर थंड रसात दोन चमचे सर्जिकल स्पिरिट मिसळून पाहावे. एकसंध गोळा झाल्यास रसाइतकी, गोळ्याचे तुकडे पडल्यास पाऊणपट आणि बारीक कण दिसल्यास निम्मी साखर घ्यावी. तपासलेला रस चाखू नये, फेकून द्यावा.

साखर विरघळल्यावर रस मोठ्या आचेवर उकळावा व वर येणारा फेस काढावा. चमच्यातून रस थेंबाथेंबाने न पडता पापुद्र्यासारखा सुटू लागला की गॅस बंद करावा. या वेळी तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ५ अंश अधिक असते. मुंबईत ते १०५ अंश सेल्सिअस भरते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी त्याहून कमी. याहून अधिक उकळल्यास पेक्टिनचे विघटन होऊन जेली चिकट होते.

तयार जेलीत साखरेचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असते. ती घट्टपणा देते आणि बुरशीलाही रोखते. म्हणून गोडी कमी करण्यासाठी साखरेला मनमानी कात्री लावू नये. उकळत्या पाण्यातून काढलेल्या कोरड्या बरणीत जेली गरम असतानाच भरावी आणि २४ तास हलवू नये. त्यानंतरही ती पातळ राहिल्यास पुन्हा काही मिनिटे उकळून पापुद्र्याची परीक्षा घ्यावी.