काळोख कुणी आणायचा?

प्रोजेक्टर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न उजेडाचा विचारतो. ल्युमेन्स किती? विकणाराही तयारच असतो. खोक्यावर आकडा ठळक छापलेला असतो. काळ्या रंगाची चौकशी कुणी करत नाही, आणि केली तर विकणारा गोंधळेल. कारण प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही. तो लाल, हिरवा, निळा प्रकाश फेकतो आणि काळ्याच्या जागी काहीच फेकत नाही. तिथे आपल्याला नुसता पडदा दिसतो, खोलीत जसा असेल तसा. ट्यूबलाइट चालू असली की सिनेमातली अमावास्येची रात्रही राखाडी. या यंत्राच्या साडेतीनशे वर्षांच्या वंशावळीत उजेडासाठी माणसांनी अफाट डोकं खपवलं. काळोख मात्र दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी पुरवला.

मूळपुरुष डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स. शनीच्या कड्याचा उलगडा करणारा हाच. 1659 मध्ये त्याने दिवा आणि भिंगं यांच्या साहाय्याने चित्रं भिंतीवर पाडण्याची युक्ती कागदावर मांडली, आणि त्यासाठी रेखाटली ती सांगाड्यांची चित्रं. त्यातला एक सांगाडा स्वतःचं डोकं काढून पुन्हा बसवतो. पुढे वडिलांनी हे खेळणं फ्रेंच दरबारात दाखवायचा घाट घातला, तेव्हा हायगेन्सला आपल्या नावाची काळजी वाटली. त्याने भावाला कळवलं की एखादं भिंग काढून ठेव, म्हणजे ते चालणारच नाही. इतक्या गुणी यंत्राचा बाप त्याला लपवू पाहत होता, हे मला फार गंमतीचं वाटतं.

चालवणाऱ्यांनी मात्र ते लपवलं नाही. काचेवर रंगवलेली चित्रं घेऊन मॅजिक लँटर्न युरोपभर फिरलं. 1790 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एतिएन-गास्पार रोबेरसन याने एका ओस पडलेल्या मठात भुतांचे खेळ लावले. चाकांवरचा दिवा पडद्यामागून पुढेमागे सरके, तसं भूत वाढे किंवा आक्रसे. त्याची खरी हुशारी काचेवर होती. आकृतीभोवतीची सगळी काच तो अपारदर्शक काळ्या रंगाने भरून टाकायचा. चौकटच दिसेनाशी झाल्यामुळे भूत अधांतरी तरंगायचं. भिंती मठाच्या, वेळ रात्रीची. उरलेला काळोख त्याने कुंचल्याने मिळवला.

आपल्याकडे हे यंत्र रुळलं ते कल्याणला. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचचित्रांचे खेळ सुरू केले. चित्रं हाताने रंगवलेली, कथा पुराणातल्या, सोबत निवेदन आणि गाणी. मुलांनी हा व्यवसाय पुढे चालवला. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं रुपयाच्या तिकिटाला दाखवली गेली, तेव्हा पडद्यावरचं चित्र ही गोष्ट आपल्या लोकांना अगदीच परकी नव्हती.

उजेडाची भूक वाढली तसे दिवे धोकादायक होत गेले. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याची कांडी तापवून मिळणारा झगझगीत प्रकाश, ईथरचे दिवे, कार्बनच्या दोन कांड्यांमधला विजेचा कमानदार ठिणगा. त्यांच्यापुढून सरकायची ती भडकन पेटणारी नायट्रेटची फिल्म. 4 मे 1897 रोजी पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यापायी आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. असलं यंत्र घरात कोण ठेवणार?

तरीही एकाने घरातच खेळ मांडला. 1911 मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर धुंडिराज गोविंद फाळके यांना दुसरं काही सुचेना. त्यांनी लहानसं यंत्र आणि रिळं मिळवली, आणि रात्री मेणबत्तीचा प्रकाश भिंगातून नेऊन ती चित्रं घराच्या भिंतीवर पाडायला सुरुवात केली. एक मेणबत्ती चारी बाजूंना मिळून साधारण बारा-साडेबारा ल्युमेन्स प्रकाश देते, आणि भिंगापर्यंत त्यातला अगदी थोडा पोचतो. चित्र जेमतेम दिसत असणार. पण ते दिसत होतं, कारण बाकीचं घर काळंकुट्ट होतं. या ध्यासापायी डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपल्या सिनेमाचा इतिहास थिएटरातून सांगायची सवय आहे, पण त्याची एक मुळी अशी घरच्या भिंतीवर आहे.

घरासाठी म्हणून बनवलेलं यंत्र 1912 मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीने आणलं. फिल्म न भडकणारी, 28 मिलिमीटरची, आणि दिव्याची वीज हातानेच तयार करायची. हँडल फिरवलं की फिल्मही चाले आणि डायनॅमोही. हात थांबला की चित्र आणि दिवा दोन्ही बंद. मग 1922 मध्ये साडेनऊ मिलिमीटरचं ‘पाथे बेबी’, 1923 मध्ये कोडॅकचं 16 मिलिमीटर, 1932 मध्ये 8 मिलिमीटर. आपल्याकडे ही यंत्रं घरात मोजक्या श्रीमंतांकडेच पोचली. मराठी माणसाला प्रोजेक्टर जवळून दिसला तो जत्रेत. ट्रकमधून उतरवलेलं मशीन, मोकळ्या मैदानात ठोकलेला तंबू, आणि कार्बनच्या कांड्या जळतील तशा पुढे सारत बसलेला ऑपरेटर. दिवस मावळल्याशिवाय खेळ सुरू व्हायचा नाही. तंबूचं कापड प्रकाश अडवत नव्हतं. काळोख गावाची रात्र पुरवत होती.

टीव्ही आला आणि प्रोजेक्टरही फिल्म सोडून व्हिडिओकडे वळला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हेन्री क्लॉस यांनी तीन नळ्यांचा घरगुती प्रोजेक्टर बाजारात आणला. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची एकेक नळी. तिन्ही चित्रं पडद्यावर तंतोतंत एकावर एक बसवण्यात माणूस मेटाकुटीला यायचा. यंत्र बोजड आणि उजेड मंद. पण नळीत जिथे किरण आदळत नाही तिथे प्रकाशच निर्माण होत नाही, त्यामुळे तिचा काळा खरोखर काळा असे. जुने शौकीन अजून त्या काळ्यासाठी हळहळतात, आणि त्यांचं चुकत नाही.

कारण पुढच्या पिढीत उजेड वाढला आणि हा काळा हातचा गेला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस एलसीडीचे प्रोजेक्टर आले. 1987 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी केसाच्या जाडीहून लहान आरशांची चिप बनवली आणि 1996 मध्ये त्या डीएलपी तंत्राचे प्रोजेक्टर बाजारात आले. दोन्हींत दिवा सतत पेटलेला असतो. काळं दाखवायचं तर स्फटिकांनी प्रकाश अडवायचा किंवा आरशांनी तो बाजूला वळवायचा. थोडा प्रकाश निसटतोच. म्हणून प्रोजेक्टर चालू असताना ‘काळा’ पडदा किंचित उजळलेला दिसतो. सभागृहांत आणि ऑफिसांत याने काही बिघडत नव्हतं. तिथे तक्ते दाखवायचे होते. तीच यंत्रं स्वस्त होत 2000 नंतर घरी आली.

आता दुकानातल्या त्या आकड्याकडे येऊ. सिनेमागृहाच्या डिजिटल पडद्यासाठी ठरलेली चकाकी आहे चौरस मीटरला 48 कँडेला. घरातल्या शंभर इंची पांढऱ्या पडद्याला ती गाठायला साधारण सव्वाचारशे ल्युमेन्स पुरतात. खरे ल्युमेन्स, म्हणजे पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून काढलेले. ऑनलाइन स्वस्त यंत्रांवर छापलेले नव्हेत. रंग नीट दाखवणाऱ्या मोडमध्ये उजेड बराच घटतो, दिवा जुना होतो, हे धरूनही हजार-दीड हजार खरे ल्युमेन्स घराला भरपूर झाले. फक्त खोली अंधारी हवी. बाकीचे हजारो ल्युमेन्स आपण खिडकीतल्या आणि स्वयंपाकघरातल्या उजेडाशी भांडायला विकत घेतो.

आणि आपली घरं या बाबतीत मुळीच सहकार्य करत नाहीत. दहा बाय पंधराचा हॉल लांबीला पुरतो. शंभर इंची चित्रासाठी बहुतेक यंत्रांना अकराएक फूट अंतर लागतं. पण छताच्या मधोमध पंखा असतो, आणि उंचावर टांगलेल्या प्रोजेक्टरचा झोत त्याच्या पात्यांत सापडला की पडद्यावर भुतं नाचतात. भिंती आणि छत पांढरेशुभ्र, त्यामुळे पडद्याचाच प्रकाश खोलीभर फिरून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळा धुऊन काढतो. देवघरातली समई विझवा असं कुणी कुणाला सांगू शकत नाही. आजींना औषधाच्या गोळ्या शोधायला दिवा हवा असतो. मुलांचा अभ्यास असतो. थिएटरात डोअरकीपर दरवाजे लावून जी कामगिरी करत होता, ती घरात कुणाकडेच नाही.

लेझरच्या यंत्रांनी दिवा बदलायची कटकट मिटवली; वीस हजार तास चालण्याचा दावा असतो. भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवायच्या यंत्रांनी पंख्याचाही प्रश्न सोडवला. मात्र त्यांच्यासाठी वेगळा पडदा घ्यावा लागतो. खालून येणारा झोत तो प्रेक्षकांकडे वळवतो आणि छताकडून येणारा उजेड गिळतो. तो बऱ्यापैकी महाग असतो आणि रंगाने गडद राखाडी. ज्यांना दिवे लावूनच पाहायचं आहे त्यांनी या सगळ्या खर्चाची बेरीज करून एकदा मोठ्या टीव्हीची किंमत विचारावी. बाकीच्यांनी यंत्र ठरवण्याआधी खिडक्यांची मापं घेऊन जाड अस्तराचे पडदे शिवायला टाकावेत, आणि पडद्याभोवतीची भिंत तरी मळकट रंगात रंगवून घ्यावी. घरातले कुरकुर करतील ती त्या रंगावरूनच.