आईच्या रक्ताची साक्ष

हुबळीच्या केशवापुरातील एखादी गरोदर स्त्री पहिल्या तपासणीस गेली की तिच्या दंडातून थोडे रक्त घेतले जाते. प्रकृती उत्तम असताना ही सुई कशासाठी, असे घरच्या वडीलधाऱ्या बायकांस वाटते. त्या रक्तात इतर गोष्टींबरोबर उपदंशाचाही, म्हणजे लोक ज्यास गरमी म्हणतात त्या रोगाचाही शोध घेतला जातो. अशा निरोगी दिसणाऱ्या आईनेच वैद्यकास दीर्घकाळ चकविले होते.

डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८३७ साली एक निरीक्षण नोंदविले. उपदंश घेऊन जन्मलेले मूल अंगावर पाजणाऱ्या धडधाकट दाईस रोग जडतो. जन्मदात्रीस मात्र तो कधीच जडत नाही. निरीक्षण अचूक होते. पण त्यावरून पुढील वैद्यांनी आई निरोगीच असते आणि रोग पित्याकडून थेट गर्भात उतरतो, असे मानले. १९०६ साली जर्मनीत ऑगस्ट वासरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तपरीक्षा शोधून काढली, आणि अशा मातांचे रक्त तपासताच उलगडा झाला. आईस रोग आधीच झालेला होता. म्हणून तर मुलापासून तिला तो नव्याने जडत नव्हता! निरोगी समजून जिला औषध मिळाले नाही, तिच्या पुढच्या गर्भासही धोका राहिला होता.

उपदंशावर पेनिसिलीनचा गुण १९४३ साली अमेरिकेत जॉन महोनी यांनी दाखविला. हुबळीत १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तोवर हे औषध हाताशी आलेले होते. मात्र गरोदरपणी ते वेळेवर टोचावे लागते, आणि पतीचीही तपासणी व्हावी लागते; एरवी बरी झालेली स्त्री पुन्हा रोगी होते. दोष तेवढा तिच्या माथी मारणारे घर ही दुसरी अट सोयीस्करपणे विसरते.

नवजात बालकाची परीक्षा अधिक नाजूक. आईची प्रतिद्रव्ये वारेतून त्याच्या रक्तात उतरतात; म्हणून दोघांच्या रक्तातील प्रमाण ताडून पाहावे लागते.

दिसण्यावर विसंबण्याचा असाच धोका रुबेला या सौम्य पुरळाच्या आजारात आहे. १९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेली ७८ बालके नोंदविली. त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना गरोदरपणी हा आजार होऊन गेला होता. यावर औषध नाही, लस आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलामुलींना ती गोवराच्या लशीबरोबर टोचण्याची मोहीम सुरू झाली.