डाळिंब : पाकपरंपरा, औषधी उपयोग आणि पोषणमूल्य – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आजाऱ्याच्या भेटीला जाताना डाळिंब नेण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. बाळंतीण, अशक्त मुलगी किंवा शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेला रुग्ण यांना डाळिंबाचे दाणे आग्रहाने दिले जातात. ‘डाळिंबाने रक्त वाढते’ हे त्यामागील गृहीतक होय. या गृहीतकाला परंपरेचा आधार आहे, असेही मानले जाते. परंतु परंपरेने डाळिंबाला जे स्थान दिले ते नेमके कोणत्या गुणांमुळे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात डाळिंबाच्या पाककृतींतील व औषधांतील उपयोगाचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, आजच्या पोषणशास्त्रीय माहितीच्या आधारे त्याचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे. प्राचीन काळी डाळिंबाला मान मिळाला तो मुख्यतः त्याच्या आंबट-तुरट रसामुळे आणि फळाच्या सर्व अंगांच्या उपयोगामुळे. आजचे डाळिंब मात्र गोड दाण्यापुरते उरले आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उगम आणि प्रसार

डाळिंबाचे मूळ स्थान इराण व त्याच्या आसपासचा प्रदेश हे मानले जाते. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला ‘प्युनिका ग्रॅनॅटम’ हे नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दात प्राचीन कार्थेजची आठवण आहे, तर दुसऱ्याचा अर्थ ‘दाणेदार’ असा होतो. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या व्यापारी जहाजाच्या अवशेषांत डाळिंबाचे अवशेष सापडले आहेत. यावरून या फळाच्या दूरदेशीच्या व्यापाराची प्राचीनता लक्षात येते. भारतात सातव्या शतकात आलेल्या ह्युएन-त्संग या चिनी प्रवाशाने येथे डाळिंब सर्वत्र पिकते अशी नोंद केली आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या फळांचे वर्णन करताना डाळिंबाचा उल्लेख केला आहे. भाषेतही हा दुहेरी वारसा दिसतो. हिंदीतील ‘अनार’ हा शब्द फारसीतून आला, तर मराठीतील ‘डाळिंब’ संस्कृत ‘दाडिम’ या शब्दाशी नाते सांगतो.

पाकपरंपरेतील आंबट रस

चिंच, आमसूल, कैरी यांप्रमाणे डाळिंब हे अनेक देशांच्या स्वयंपाकात आंबटपणा आणणारे द्रव्य होते. बगदाद येथे १२२६ मध्ये लिहिल्या गेलेल्या ‘किताब अल-तबीख’ या अरबी पाकग्रंथात डाळिंबाच्या रसात शिजविलेल्या मांसाचा ‘रुम्मानिया’ हा पदार्थ आढळतो. इराणमध्ये अक्रोडाचे वाटण व आटविलेला डाळिंबरस यांपासून होणारे ‘फेसेंजान’ आजही सणासमारंभात केले जाते. सीरिया, लेबनॉन व तुर्कस्तान येथे आटविलेला घट्ट रस वर्षभरासाठी साठवून ठेवतात.

भारतात सुश्रुतसंहितेतील अन्नपानविधीच्या अध्यायात डाळिंब व आवळा घालून केलेल्या यूषाचा, म्हणजे कढणाचा, निर्देश आहे. ते हृद्य व पचनास हलके मानले आहे. हिमाचल प्रदेश व जम्मू या भागांतील डोंगरउतारांवर ‘दाडू’ किंवा ‘दारू’ नावाने ओळखले जाणारे रानडाळिंब वाढते. त्याचे दाणे फार आंबट असल्याने ते ताजे न खाता वाळवितात व त्याचा ‘अनारदाना’ तयार होतो. पंजाबातील छोले आणि चटण्या यांना त्याने विशिष्ट आंबटपणा येतो. महाराष्ट्रात आंबटपणासाठी चिंच व आमसूल सहज उपलब्ध असल्याने डाळिंबाला ती भूमिका मिळाली नाही. येथे ते दहीभात व कोशिंबिरीवर पेरण्यापुरते मर्यादित राहिले.

आयुर्वेदातील स्थान

चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे दहा-दहांचे पन्नास गट केलेले आहेत. त्यांपैकी हृद्य, छर्दिनिग्रहण म्हणजे उलटी थांबविणारा आणि श्रमहर म्हणजे थकवा घालविणारा, अशा तीन गटांत दाडिमाचा समावेश आहे. फळांच्या वर्णनात चरकाने डाळिंबाचे चवीनुसार भेद सांगून आंबट, तुरट व गोड हे तिन्ही रस असलेले डाळिंब उत्तम ठरविले आहे. केवळ गोड फळ पित्तशामक मानले असले तरी श्रेष्ठत्वाचा मान त्याला दिलेला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

अपचन व अतिसार यांवरील दाडिमाष्टक चूर्ण हे वैद्यकपरंपरेत सुपरिचित आहे. वाळविलेल्या सालीचा काढा जुलाबावर देण्याची पद्धत खेड्यापाड्यांतही होती. मुळाची साल कृमिनाशक म्हणून वापरली जाई. तिच्यातील ‘पेलेटिएरिन’ हे अल्कलॉइड १८७८ मध्ये तान्रे या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगळे केले. ते अधिक मात्रेत विषारी ठरते. त्यामुळे सालीचा व मुळाचा वापर जाणकाराच्या सल्ल्याविना करणे योग्य नव्हे.

गोड दाण्याचा उदय

विसाव्या शतकात महाराष्ट्रात या फळाचे स्वरूप पालटले. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये पुणे येथे आळंदी वाणातून निवड पद्धतीने एक नवे वाण पुढे आणले. तेच पुढे ‘गणेश’ या नावाने प्रसिद्ध झाले. मऊ बी व गोड दाणा ही त्याची वैशिष्ट्ये होती. या वाणाचा रशियन वाणाशी संकर करून राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लाल दाण्याची वाणे विकसित केली. त्यांपैकी २००३-०४ च्या सुमारास प्रसारित झालेल्या ‘भगवा’ या वाणाने बाजारपेठ व्यापली. कमी पाण्यावर तग धरणारे पीक म्हणून सोलापूर, नाशिक, सांगली व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण भागांत डाळिंबाच्या बागा वाढल्या. २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबास भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेल्या रोगाचे संकट वारंवार येऊनही अनेक कोरडवाहू कुटुंबांना या पिकाने आधार दिला.

तथापि, या यशात निवडीचे निकष होते गोडी, मऊपणा आणि रंग. आंबट-तुरट रस हा दोष ठरला व साल ही टाकाऊ वस्तू झाली.

पोषणमूल्य : समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यानुसार १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत सुमारे ८३ किलोकॅलरी ऊर्जा, १८.७ ग्रॅम कर्बोदके, ४ ग्रॅम तंतुमय पदार्थ, १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, २३६ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ३८ मायक्रोग्रॅम फोलेट असते. लोहाचे प्रमाण मात्र केवळ ०.३ मिलिग्रॅम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची गरज असते. म्हणजे १०० ग्रॅम दाण्यांतून या गरजेचा जेमतेम एक टक्का भाग भागतो. याउलट १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. दाण्याच्या रक्तवर्णावरून रक्तवृद्धीचे अनुमान काढले गेले असावे, परंतु तो रंग लोहाचा नसून अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा आहे.

डाळिंबाचे खरे वैशिष्ट्य त्यातील पॉलिफेनॉल द्रव्यांत आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात सबंध फळ दाबून काढलेल्या व्यापारी रसाची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता लाल वाइन व हिरवा चहा यांच्या सुमारे तिप्पट आढळली. केवळ दाण्यांपासून काढलेल्या रसात ती त्याहून कमी होती, कारण ‘प्युनिकॅलॅजिन’ हे मुख्य द्रव्य प्रामुख्याने सालीतून रसात उतरते. अर्थात प्रयोगशाळेतील क्षमता म्हणजे रोगमुक्ती नव्हे. अमेरिकेतील एका डाळिंबरस कंपनीने हृदयरोग व कर्करोगाविषयी केलेले जाहिरातींतील दावे तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१३ मध्ये दिशाभूल करणारे ठरविले आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय मूलतः कायम ठेवला.

निष्कर्ष

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. अशा परिस्थितीत रक्तवाढीच्या आशेने तुटपुंज्या मिळकतीतून महाग डाळिंब विकत घेणारे कुटुंब बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या व लोहाच्या गोळ्या यांकडे दुर्लक्ष करीत असेल, तर ती गैरसमजुतीची मोठी किंमत ठरते. यात परंपरेचा दोष नाही. चरकाने डाळिंबास हृद्य, श्रमहर व उलटी थांबविणारे मानले, आणि हे गुण सांगताना आंबट-तुरट रसाला महत्त्व दिले. रंगावरून केलेले रक्तवृद्धीचे अनुमान या परंपरेच्या नावावर खपविणे इतिहासाला धरून नाही. डाळिंब हे रुचकर, तंतुमय व पॉलिफेनॉलयुक्त फळ म्हणून आहारात असावे. मात्र आजाऱ्याच्या उशाशी डाळिंब ठेवताना त्याच्या ताटात बाजरीची भाकरी आणि पालेभाजी आहे की नाही, हेही पाहिले जावे.